प्रत्येक खुर्चीवर एक पत्रक

मी देव मानत नाही, असं सांगत मी बेंगळूरुभर हिंडले आहे. आदिवासींच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिणं हे माझं काम, आणि देवळापेक्षा छापखान्यात माझं मन जास्त रमतं. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं. अशा अनुभवांना हसण्यात आजवर ज्यांनी मला साथ दिली, त्यांनीच हे आधी वाचावं.

सुकरीअक्का के. आर. पुरममध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मूळच्या सुरगाण्याकडच्या, कोकणा आदिवासी. धारवाडचे एक बुवा कधीकाळी तिकडच्या आश्रमशाळेत गायला गेले आणि शेवटच्या रांगेतल्या या पोरीने त्यांची तान जशीच्या तशी परत केली. आईने तिला बुवांच्या हवाली केलं. बारा वर्षं त्यांच्या घरी राहून अक्का ख्याल शिकल्या. गळा असा, की जेवणारा हातातला घास हातातच धरून बसेल. तरीही या शहरातल्या आयोजकांनी वर्षानुवर्षं त्यांना एकच विनंती केली, "तुमचं ते जंगलातलं काहीतरी गा ना, पिसं-बिसं लावून." अक्का हसून नको म्हणायच्या आणि घरी पोरांना सरगम शिकवायच्या. त्या हसायच्या, डोकं माझं भडकायचं.

शेवटी इंदिरानगरच्या एका सभागृहात त्यांची ख्यालाची मैफल ठरली, रविवारी सकाळी. या शहरातली त्यांची पहिली. ऐंशी ओलांडलेले बुवा स्वतः धारवाडहून येणार होते. मी अर्थातच पत्रक लिहिलं. पिसांच्या त्या विनंतीवरून आयोजकांना झोडलं आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत छापलं, "गुरूचं नाव घेताना या आदिवासी गायिकेला आजही कान धरावा लागतो! ही गुलामी कधी संपणार?" मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं ना! बुवांचं नाव निघालं, की अक्कांचा हात कानाच्या पाळीकडे जायचाच. का, हे विचारावंसं मला वाटलं नाही. आम्ही विचारत बसत नाही, आम्ही उघडकीस आणतो. आदल्या दिवशी गठ्ठे सभागृहावर पोचवले आणि वॉचमनला बजावलं, "प्रत्येक खुर्चीवर एक, अण्णा. चुकायचं नाही."

रविवारी रिक्षा केली. रिक्षावाला इतकं सुरेल गुणगुणत होता, की कुठे शिकलात म्हणून विचारलं. त्याने गावच्या भजनी मास्तरांचं नाव घेतलं आणि एक हात सोडून कानाच्या पाळीला लावला.

"कान का धरलात? काय चूक केलीत?"

"अय्यो, चूक कसली मॅडम! मर्यादा आहे ती. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या तोंडाने घ्यायचं, स्वल्प माफी मागायला नको? गाणारे सगळेच करतात." मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "गाण्याला चाललाय आणि हे माहीत नाही?"

पत्रकं वाटली जायच्या आत थांबवायला हवी होती. वॉचमन फोन उचलेना. पुलाजवळ वाहनं जागची हलेनात. अक्का रोज रियाजाआधी तंबोऱ्यासमोर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, चार दाणे ठेवतात, कणसरीसाठी. कणसरी त्यांची धान्याची देवी. मला दुसरा देव आठवेचना. डोळे मिटून म्हटलं, कणसरीमाय, मी चुकले, तेवढं पत्रक कुणाला वाचू देऊ नकोस. आयुष्यातली पहिली प्रार्थना, तीही स्वतःच्याच पत्रकाविरुद्ध!

सभागृहात धावत शिरले, तर सगळीकडे सतरंज्या. वॉचमन शांतपणे म्हणाला, "अक्का सकाळी आल्या, कुर्च्या काढायला लावल्या. लोक खालीच बसणार. तुम्ही म्हणालात कुर्चीवर ठेव. कुर्ची इल्ला, पेपर इल्ला." गठ्ठे तसेच बांधलेले होते. मी त्याच्या पाया पडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एकच ठेवला. अज्जांचे गुडघे दुखतात ना, त्यांना एक कुर्ची दिलीय."

बुवा त्याच खुर्चीत बसून चष्मा लावून वाचत होते. शेजारी अक्का उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं होतं. "मी आज गात नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याच मैफलीत माझ्या गुरूला हे वाचायला लागलं." एवढ्या वर्षांनी मिळालेली मैफल माझ्या एका ओळीने घालवली होती. मला रडूच आलं.

"हे तू लिहिलंस?" बुवांनी विचारलं. मी मान हलवली.

"शुद्धलेखन बरं आहे." मग कागद मांडीवर ठेवून ते म्हणाले, "हिची आई, काशीबाई," आणि त्यांचा हात स्वतःच्या कानाला लागला. "तिच्या ओसरीवर बसून मी कणसरीची गाणी शिकलो. तिने मला दिलं, मी हिला दिलं. आता गुलाम कोण, ते तूच ठरव बाई."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "माझ्या आयेकडून? आणि मला कधी बोलला नाहीत?" त्या एकदम गावाकडच्या सुरात म्हणाल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या.

"तू कधी विचारलंस? गा आता, लोक खोळंबलेत." बुवा माझ्याकडे वळले. "ते पिसांचं मात्र खरं आहे. ते वर का नाही छापलंस? जा, माइकवर वाच. तुझी पहिली ओळ गाळून."

मी वाचलं. पुढे बसलेले आयोजक सतरंजीची नक्षी बघत राहिले. मग अक्का गायल्या. राग कुठला, मला आजही सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की कागद-पेन पिशवीत होतं आणि माझा हात तिकडे गेला नाही.

शरण हा शब्द आमच्या चळवळीत शिवीसारखा वापरतात. मीही वापरत आले. त्या सकाळी 'मला सगळं समजतं' हा हट्ट सुटला आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू! आयोजकांशी माझं भांडण चालूच आहे, चालूच राहील. पण ज्या माणसांसाठी भांडते, त्यांच्या दारात आधी जाऊन बसते, ऐकते. कणसरीने मला वाचवलं की वॉचमनच्या सरळपणाने, यावर मी वाद घालत नाही. माझ्यासारखी बाई वाद घालत नाही, हीसुद्धा काही कमी कृपा नव्हे.