आईच्या बाकावरची रशियन

"रशियन येते का?" हा प्रश्न त्या वर्षी हैफात मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच "नाही" म्हणून मोकळी व्हायचे. कापडाच्या दुकानात विचारलं, दवाखान्याच्या खिडकीशी विचारलं, मेलं बेकरीतसुद्धा विचारलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रशियातून ज्यू माणसं इस्रायलला येत होती, येतच होती, आणि हदार भागातल्या आमच्या उतारावर अर्धी वस्ती हिब्रू बोलायची, अर्धी रशियन. मी ठाण्याची. मराठी, हिंदी, कामापुरती गुजराती, शाळेतलं इंग्लिश आणि इथे येऊन घासून घासून शिकलेली हिब्रू. पाच भाषा पदरात, आणि काम मिळेना! डोक्यात नुसती तिडीक जायची.

काम मला आईसाठी हवं होतं. नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो होतो. भाऊ ओफाकिमला राहायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, नव्या वर्षाच्या सणांपर्यंत तुला काम लागलं तर ठीक, नाहीतर आईला मी इकडे घेऊन येतो. वाईट नव्हता बिचारा. पण ओफाकिम म्हणजे वाळवंटाचं दार. तिथल्या धुळीत आईचा जीव घुसमटायचा. ती अलिबागेकडची, समुद्राच्या काठाला वाढलेली. "मरताना कानात गाज असू दे गो, बाकी काही नको मला," असं ती कांदा चिरता चिरता म्हणायची, मीठ संपलंय सांगावं इतक्या सहज.

आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचा एलियाहू हनवी या संदेष्ट्यावर भारी भरवसा. कोकणात काही अडलं की त्याला नवस बोलायचा आणि काम झालं की मलिद्याचं ताट करायचं. हैफात तर त्याची गुहाच आहे, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रासमोर. आई रोज सकाळी बसने तिकडे जायची. पोरीला काम लागू दे, मलिदा करीन, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. मग बाहेरच्या बाकावर बसायची ती दुपारपर्यंत. त्या बाकावर दोन रशियन म्हाताऱ्याही असायच्या, डोक्याला फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या.

मला तो बाक आठवतो तो नेहमी धुक्यातच. खरं तर हैफात ऊन कितीतरी जास्त. पण आठवणीत कार्मेलवरून ढग उतरलेला असतो, समुद्र दिसत नसतो, नुसता ऐकू येत असतो, आणि त्या पांढऱ्यात तीन म्हाताऱ्या मांडीवर पिशव्या घेऊन बसलेल्या असतात. काय बोलत होत्या देव जाणे. मी लांबून बघायचे आणि वाटायचं, ही अलिबागचीच वाळू आहे, मी सुट्टीत आलेली लहान पोर आहे, आई आता हाक मारेल. मग बस यायची.

कार्मेलवरच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायला बाई हवी होती. तिथल्या व्यवस्थापक बाई इथेच जन्मलेल्या, बोलायला फटकळ. पहिलाच प्रश्न तोच. "रशियन?"

त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी "येते" म्हणाले. आमच्या मुंबई-ठाण्याकडे या प्रश्नाला नाही म्हणायची पद्धतच नाही. गुजराती शेठने विचारलं तर गुजराती येते, मद्रासी साहेबाने विचारलं तर तीही चालवून घेऊ. बाजारात चार दिवस हिंडलं की शिकतं माणूस, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. हैफात मात्र प्रश्न म्हणजे प्रश्न. बाई खूश झाल्या. "उद्या सकाळी या," म्हणाल्या.

घरी येऊन मी आईसमोर मटकन बसले. "आई, मी मेले. मला 'स्पासिबा' म्हणून आभार मानण्यापुढे एक अक्षर येत नाही."

आई तांदूळ निवडत होती. "एवढंच ना?" म्हणाली. आणि मान वर न करता सुरू झाली. पाणी म्हणजे वादा. कुठे म्हणजे ग्दये. दुखतं म्हणजे बालीत, नाही दुखत म्हणजे न्ये बालीत. काही नाही, चालायचंच, म्हणजे निचेवो. "आणि चहाला चायच म्हणतात गो. आपल्यातलीच माणसं ती."

हिब्रूच्या वर्गातून पळून आलेली ही बाई! तिथे तिला चार ओळी पाठ झाल्या नव्हत्या. "अगं, तू हे शिकलीस कधी?"

"गुडघे तिघींचेही दुखतात," आई म्हणाली. "मग दुसरं बोलायचं काय?"

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे आजोबा भिंतीकडे तोंड करून कण्हत होते. बाई म्हणाल्या, "विचार त्यांना, काय होतंय." मी वाकून म्हटलं, "बालीत? ग्दये?" आजोबा वळले आणि धबधबा सुरू झाला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "ग्दये?" तेव्हा त्यांनी माझा हात धरून आपल्या बरगडीखाली ठेवला.

बाई दारात उभ्या होत्या. "याला रशियन म्हणत नाहीत," म्हणाल्या.

"आज एवढीच आहे," मी म्हणाले. "उद्या आणखी आणते."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मला घालवूनही दिलं नाही. आणि मी खरंच आणत गेले. सकाळी निघताना आई विचारायची, "आज काय आणू गो?" मी सांगायचे, कूस बदला, गोळी गिळा, थोडं खाऊन घ्या. दुपारी भाजी आणावी तसे ती बाकावरून शब्द घेऊन यायची, ताजे, निवडलेले. संध्याकाळी जेवताना माझ्याकडून घोकून घ्यायची. चुकले तर, "शिकलेली ना तू?" म्हणून वर टोमणा.

सण आले तेव्हा भावाला फोन करून मीच सांगितलं, आई इथेच राहील. नवस फेडायला आम्ही गुहेशी मलिदा नेला. पोहे, साखर, वेलची, फळं. ओला नारळ मिळाला नाही म्हणून आई दिवसभर धुसफुसत होती. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी भिजलेल्या पोह्यांकडे आधी संशयाने पाहिलं, मग ताट चाटूनपुसून साफ केलं.

मग वर्षं गेली. कशी गेली म्हणाल तर बसच्या खिडकीतून समुद्र जातो तशी. बाकावर तिघींच्या दोघी झाल्या, मग आई एकटीच. आणि दोन हजार साल उलटल्यावर एका हिवाळ्यात आई इस्पितळात निजली. खिडकीबाहेर समुद्र होता, अगदी खाली, तिला हवा होता तसाच. इतक्या वर्षांत जमलेली थोडकी हिब्रू तिच्यातून आधीच पुसली गेली होती. झोपेत ती कुणाला तरी नारळ सोलायला सांगायची, मराठीत.

नर्स रशियन होती, तरुण. मला हिब्रूत म्हणाली, "तुझ्या आईच्या भाषेत 'दुखतं का' कसं विचारायचं? इथे कुणालाच येत नाही."

मी सांगितलं. तिने दोनतीनदा पुटपुटून बघितलं आणि आईच्या कानाशी वाकली. "दुकताय का?"

आईने डोळे उघडले. त्या पोरीचा चेहरा नीट न्याहाळला, बाकावरच्या मैत्रिणीकडे बघावं तसा. "न्ये बालीत," म्हणाली. "निचेवो."

पोरगी चकित होऊन हसली, आईचा गाल थोपटला आणि पुढच्या खाटेकडे गेली. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडू. खोलीत गाज भरून राहिली होती.

तिची पावलं लांब गेल्यावर आईने माझा हात ओढला.

"दुखतंय गो," म्हणाली. "लई दुखतंय."

मी वाकले. "कुठे, आई?"