मधल्या खोलीची अफवा

घर विकायचं ठरवलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते आमच्या मागच्याच घरातलं. त्याचं मेहकरात खताबियाण्याचं दुकान आहे, आणि वाढत्या गोदामासाठी त्याला माझं अंगण हवं होतं. मी शाळेतून रिटायर झालेली, मुलगी लग्न होऊन नाशकात. एकटीनं एवढ्या घराची झाडलोट करण्यापेक्षा तिच्याजवळ दोन खोल्या घ्याव्यात, असा माझा सरळ विचार. त्यानं सांगितलेला भाव ऐकून मला वाटलं, हा घराचं बोलतोय की अंगणातल्या निंबाचं? जेमतेम अर्धा. मी नाही म्हटलं, चहा तेवढा पाजला. जाताना उंबऱ्यात हसून म्हणाला, "पाहू वहिनी, कोण गिऱ्हाईक येते ते."

त्या हसण्यात मला तेव्हा काही दिसलं नाही. आयुष्यभर पोरांच्या लबाड्या पकडल्या, आणि ही नजरेतून सुटली.

आमच्याकडे घर घेणारा माणूस कागद मागाहून बघतो, आधी गल्लीत फिरतो. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, मंदिराच्या ओट्यावर विचारतो की घर कसं आहे, कोणाला लाभलं, त्यात कोण गेलं. गल्लीनं मान हलवली तरच इसाराचे पैसे खिशातून निघतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लोक यायचे, ओसरी बघायचे, स्वयंपाकघर बघून खूश व्हायचे. मधल्या खोलीत आले की मान वर करून पंख्याच्या हुकाकडे बघायचे आणि मग त्यांना एकदम कुठंतरी जायची घाई व्हायची. "सांगतो मॅडम," म्हणायचे, पण सांगायचं कोणीच नाही. शेवटी लोणारकडून आलेल्या एका बाईनं दाराबाहेरूनच हात जोडले, आत पाऊल टाकेना. मी तिचा हात धरून विचारलं. खाली बघत ती म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी आत फाशी घेतली म्हणतात ना, म्हणून. कोण म्हणतं? तर तुमच्या मागचे दुकानवालेच सांगत होते.

मुडदा बसवला मेल्याचा, असं मी त्या परक्या बाईच्या देखत बोलून गेले.

माझे मिस्टर गेले वीसेक वर्षांमागं, बसस्टँडवर. दिवसाढवळ्या, गाडीची वाट पाहताना छातीत कळ येऊन. आणि हे अख्ख्या मेहकरात सगळ्यात चांगलं कोणाला माहीत? ह्याच माणसाला! तो तिथं होता. त्यानंच त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिरडीला पहिला खांदा त्याचा. तेव्हापासून दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट त्याच्या घरी जायचं. त्या माणसानं अंगण स्वस्तात पडावं म्हणून माझ्या नवऱ्याच्या गळ्यात दोर घातला.

मग मुलीचा फोन आला. तिच्या चुलतसासूचं माहेर आमच्याच गावचं, म्हणजे गोष्ट नाशकापर्यंत पोचली होती. बाबा गेले तेव्हा ही दुसरीत होती, तिला काय आठवणार? बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं, "आई, तू माझ्यापासून काही लपवलंस का?" मी शपथा घेतल्या. ती हो हो म्हणाली. पण पोटच्या पोरीचा हो मला कळतो. तिनं विश्वास ठेवला नव्हता.

त्या दिवशी घराचा भाव माझ्या डोक्यातून गेला. मला सूड हवा होता. पण गल्लीत उभं राहून बोंबलले असते तर ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं असतं. म्हणून गिळून बसले.

काही दिवसांनी स्वारी परत आली. भाव पहिल्याहून कमी, आणि वर मायेचा आव. आता कोणी घेत नाही वहिनी, मीच घेतो, आपल्या माणसाचं घर आहे. मी दात आवळून म्हटलं, विचार करते.

पण त्यानं सोडलेली गोष्ट गल्ली फिरून त्याच्याच चुलीपाशी पोचली होती. त्यांच्याकडे शेतीवाडी, दुकान, सगळं त्याच्या म्हाताऱ्या आईच्या नावावर. नवं घर घ्यायचं तर पहिलं पाऊल तिचं. तिनं मंदिरात ऐकलं, बसस्टँडचं तेव्हा झाकण्यासाठी सांगितलं असेल असं धरलं आणि घरी येऊन बजावलं, फाशीच्या घरात मी पाय ठेवत नाही आणि तुम्हालाही ठेवू देत नाही. ही पुडी आपल्याच लेकानं सोडली हे तिला माहीत नव्हतं, आणि ह्याला सांगायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा आला तो मान खाजवत अंगणातच उभा राहिला. आईला तेवढं समजावा, तुमचं ऐकते ती, भाव तुम्ही म्हणाल तो. मला जो आनंद झाला तो काय सांगू! इस्त्रीची साडी नेसून मी गेले.

म्हातारी खाटेवर बसली होती, सून दारात, हा भिंतीला टेकून. म्हातारीनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, खरं सांगा. त्या घरात काही झालं का?"

"मले काय विचारता काकू? गावाले तुमच्याच पोरानं सांगतलं. त्या दिवशी तोच होता त्यायच्या संग. तो काय खोटं बोलंन?"

म्हातारीनं मान वळवून लेकाकडे पाहिलं. आता एक तर घर वाईट, नाही तर पोरगा. तो भिंतीपासून सरकून खाटेजवळ आला. मग म्हणाला, "नाही आई. बसस्टँडवर गेले ते. मी उगाच बोललो."

"काऊन?" म्हातारीनं एवढंच विचारलं. त्याची नजर खिडकीतून माझ्या अंगणाकडे गेली.

माझं तेवढ्यानं भागलं नाही. मी मुलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्यापुढं धरला. म्हटलं, आता हेच हिला सांगा. आईसमोर, बायकोसमोर त्यानं ते पुन्हा सांगितलं. पलीकडून पोरीनं विचारलं, "काका, बाबांना खूप त्रास झाला का?"

हे माझ्या बेतात नव्हतं.

"नाही बाई," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर डोकं होतं. पाणी मागतलं. मी पाजलं, दोन घोट पेले. तुझं नाव घेतलं अन् गेले." आणि तो रडायला लागला.

मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण त्याच्यासमोर मी डोळ्याला पदर लावला नाही.

म्हातारी म्हणाली, बाई म्हणतील तो भाव, उद्याच इसार देऊन टाक. मी फोन पर्समध्ये टाकला आणि उठले.

"घर तुम्हाले नाही द्याचं," म्हटलं.

पुढं म्हातारीनं स्वतः मंदिराच्या ओट्यावर बसून आपल्या लेकाची लबाडी सांगितली. घर माझ्या भावात वडनेरकडच्या एका नर्सबाईनं घेतलं. मी नाशकात आले. त्याच्यावरचा राग अजून गेला नाही, जाऊही नये असं वाटतं. पण कधीकधी मनात येतं, पहिल्या दिवशी चहा पिताना त्यानं ते दोन घोट पाण्याचं सांगितलं असतं आणि मग अर्ध्या भावात घर मागितलं असतं, तर मी अर्ध्यातच दिलं असतं, वर गल्लीत पेढेही वाटले असते.