दोन दिवसांच्या सुया

मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे ठरलं आणि ग्वाल्हेरच्या प्रत्येक कचेरीत एकच धास्ती शिरली: यादीत आपलं नाव राहतं की उडतं? आमच्या प्रयोगशाळेत मी आणि एक म्हातारा शिपाई, दोघेही कच्चे नोकर. दोघांतला एकच ठेवणार होते.

डॉक्टरसाहेब पांढऱ्या उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर काम करत. वृषणं काढली की ही ग्रंथी आक्रसते. रोज हार्मोनची सुई दिली की पुन्हा वाढते. किती वाढली ते शेवटी तोलून पाहायचं. सुई शिपाई द्यायचा, वहीत खूण मी करायचो.

साहेब भोपाळला गेले आणि नेमकी गणेशचतुर्थी आली. घरी मखरात गणपती, त्याच्या पायाशी उंदीर, आणि इथे मी उंदरांना टोचवणार? त्या दिवशी पापाचं भय नोकरीच्या भयाला भारी पडलं. आमचा गणपती दीड दिवसाचा. मी शिपायाला म्हटलं, "दो दिन सुई मत लगाना, काका. हमारे यहाँ गणपति बैठे हैं."

तो हसला. "जैसी आपकी मर्जी, बाबू."

तिसऱ्या दिवशी कामावर आल्यावर वहीत मात्र दोन्ही दिवसांच्या खुणा मी शहाण्यासारख्या करून टाकल्या.

साहेब परतले, ग्रंथी तोलल्या. त्या खेपेच्या हलक्या भरल्या. त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"वहीत सुया दिल्यात, मग वाढ गेली कुठे? शिपायाने औषध फेकून तर नाही दिलं?"

त्यांचं वर्षभराचं काम मी नासवलं होतं. कळतं तर दारात उभं केलं नसतं. "मी पूजेला घरी होतो, साहेब, खुणा मागाहून केल्या," एवढंच म्हणालो. तेवढं खरं होतं.

यादी लागली. त्यात माझं नाव होतं. पिंजऱ्यांना पाणी घालून शिपाई माझ्याकडे आला. त्याला वाचता येत नव्हतं, वहीतल्या खुणा त्याला ठाऊक नव्हत्या; माझ्यावर मात्र त्याचा भरवसा होता.

"बाबू, साहब समझते हैं मैंने दवा फेंक दी. हमारी कौन सुनेगा? आप तो जानते हैं, एक दफे कह दीजिए."

"कहता हूँ, काका," म्हणून मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडं होतं, साहेब एकटेच होते. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. उंबऱ्यावरूनच मागे फिरलो आणि त्याला येऊन सांगितलं, "कह दिया."