पाण्यात लाल होणारी मुळी

परवा परभणीच्या प्रदर्शनात तापलेल्या तेलाचा वास आला आणि पेडगावच्या समाजमंदिरातली एक दुपार आठवली.

मी तेव्हा बीएस्सीला होते. आईच्या बचत गटाला लेकरांसाठी साबण बनवायचा होता. त्यात रंगासाठी घालायला रतनजोतीच्या मुळीची पूड घेऊन एक विक्रेता आला. त्यानं चिमूटभर पूड पाण्यात टाकली. पाणी लालभडक!

"बघा मावशी, अस्सल हाय!"

बाया खूश झाल्या, मला मात्र संशय आला. कॉलेजात आम्ही हीच मुळी पाण्यात, स्पिरिटमध्ये आणि तेलात भिजवून पाहिली होती. रंग स्पिरिटमध्ये उतरला, तेलात उतरला. पाणी जवळजवळ तसंच राहिलं.

"आई, तेलात टाकून बघ."

"आली मोठी मास्तरीण!" शेजारची शांतामावशी म्हणाली.

तरी आईनं वाटीत करडईचं तेल तापवलं. पूड तळाशी बसली, तेल पिवळंच राहिलं.

"ताई, तुमच्या तेलातच भेसळ हाय," विक्रेता म्हणाला.

"करडई माझ्या रानातली, घाण्यावर माझ्यासमोर काढली," आई म्हणाली. "उचल तुझी पिशवी."

तेव्हा वाटलं होतं, जिंकलो. आज तसं वाटत नाही. 'नैसर्गिक' हा शब्द छापायला शाई लागते, मुळी लागत नाही. आणि आपण कशानं पारखतो, ते विकणारे आपल्याआधी शिकतात.

परवा प्रदर्शनात रतनजोतीची पूड विकणारा दुकानदार म्हणाला, "बघा ताई, तेलात कसा उतरलाय रंग!"

"अख्खी मुळी दाखवा," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा तेलाचीच वाटी पुढं केली.