कोळशाच्या ढिगाखालचं चुंबक

जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या या शिंप्याला सगळी गल्ली गार्डसाहेब म्हणायची. दुकान बंद केल्यापासून त्यांच्या खोलीत बोटाएवढ्या डब्यांची मालगाडी धावत होती. गाडी विकतची, माल मात्र घरचा. खरा कोळसा कुटायचा, चहाच्या गाळणीने चाळायचा आणि थर्माकोलच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवायचा. ओंडके वाळक्या काड्यांचे, ताडपत्री जुन्या छत्रीची. स्टेशनात गाडी खरीखुरी रिकामी झाली पाहिजे हा हट्ट, म्हणून प्रत्येक मालाखाली चुंबकाची टिकली पुरलेली. वर पक्कड धरली की माल अलगद उचलला जायचा. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं शेजारी चिडवायचे, आणि हे खुशाल हसायचे.

लेक कामावर जाताना दोन वर्षांच्या नातीला त्यांच्याकडे ठेवायची. रोज बजावायची, "बाबा, त्या खोलीत नेऊ नका तिला. दिसेल ते तोंडात घालते."

त्या दिवशी ती परतली तर पोरीचं तोंड काळंकुट्ट. जमिनीवर कोळशाचा फुटका ढीग, आणि त्याच्या तळाची खाच रिकामी.

"यात काय होतं?"

गार्डसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "चुंबक. एकच, बारीकसं. मी पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात ही आत शिरली."

टॅक्सीत पोरगी मजेत बडबडत होती आणि हे तिचं तोंड रुमालाने पुसत होते.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. पोटात पांढरा ठिपका होता. "एक असेल तर आपोआप बाहेर पडेल. पण दोन चिकटलेले असले तरी कधीकधी असेच दिसतात. ते सुटून मागेपुढे झाले, तर आतडं मधे चिमटून भोक पडतं. नक्की एकच ना?"

"एकच," लेक म्हणाली. "बाबांनीच बनवलंय." तिचा चेहरा जरा सैलावला होता.

तो तसाच राहावा असं त्यांना फार वाटलं. पण काड्यांना एक पुरतं, कोळशाला नाही.

"दोन," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "कोळशाला दोन लागतात."

पोरीला लगेच आत नेलं. दुर्बीण घालून काढायचं ठरलं. बाकावर लेक एका टोकाला, हे दुसऱ्या. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. दार हललं की हे उठून उभे राहायचे.

अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "निघाले दोन्ही. अजून जठरातच होते. वेळेवर बोललात."

लेक हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "घरी एक का म्हणालात?"

"घाबरलो गं."

"कोणाला?"

"तुला."

ती हळूच म्हणाली, "आणि पाणी प्यायला गेलात, ते?"

त्यांनी मान खाली घातली. "नव्हतो गेलो. तुझ्या नावाने रडत होती. गप्प बसावी म्हणून कोळशाचा डबा मीच हातात दिला."