खोल जाळीची काठी

नववीत असताना आमच्या शाळेत लॅक्रॉस आला तो मार्कांसाठी. खोटं कशाला सांगू? खेळाचे नवे सर गोंदिया शहरातले, अर्धं बोलणं हिंदीत. त्यांनी आम्हा मुलींना मैदानावर बसवलं आणि सांगितलं, "देखो, कबड्डीत लई गर्दी आहे. ह्या खेळात पूर्ण जिल्ह्यात टीमा दोनच. एक मॅच जिंकली की सीधा विभाग. मग दहावीत खेळाचे मार्क." माझं गणित असं होतं की मॅडम माझी वही उघडायच्या आधीच सुस्कारा टाकायच्या. पहिला हात मी वर केला.

खेळ सोपा. लांब काठी, तिच्या टोकाला छोटी जाळी. जाळीत चेंडू झेलायचा, पळायचं, जाळीनंच दुसरीकडे फेकायचा नाहीतर गोलात मारायचा. अडचण एवढीच की शाळेकडे काठ्या दोन आणि मुली बारा. बांबू गावात होताच. जाळीचं निघालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझे बाबा इटियाडोह धरणाच्या पाण्यात मासे धरतात आणि जाळी स्वतः विणतात.

बाबांनी चार दिवसांत दहा जाळ्या विणून दिल्या. आमच्या भागात त्यांच्या हाताला नाव आहे. त्यांच्या जाळ्यातून मासा सुटला असं कोणी म्हटलं, तर त्या दिवशी ते जेवत नाहीत. माझी जाळी त्यांनी शेवटी केली. सगळ्यात खोल, दुहेरी गाठीची. "यातून कोणी काढून दाखवावं," म्हणाले.

कोणी काढू शकलं नाही. सरावात चेंडू एकदा माझ्याकडे आला की माझा. गोलापर्यंत पळत जायचं आणि काठी उलटी करून चेंडू झटकून पाडायचा, हा माझा खेळ. स्वभावही तसाच होता. छत्री असो, बाकावरची जागा असो, हातात आलेलं मी सोडत नसे. माझ्याच बाकावर बसणारी एक ठेंगणी मुलगी टीममध्ये होती. ती रोज बोंबलायची, "अवो, दे न! मी काय झाड होय काय?" मला वाटायचं, झाडच आहेस.

गोंदियाच्या मैदानावर मॅच झाली. समोरच्या टीमच्या काठ्या विकतच्या, चकचकीत. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा बरोबरी होती, चेंडू माझ्याकडे होता आणि गोल समोर होता. ठेंगणी डावीकडे एकटी मोकळी उभी राहून ओरडत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच मारला; गोलकीपर आडवी होती, म्हणून काठी उलटी न करता लांबूनच. चेंडू जाळीतून निघालाच नाही. पुन्हा मारला. पुन्हा नाही. मग मी चटई झटकावी तशी काठी झटकायला लागले. त्यांची गोलकीपर आधी घाबरली होती, आता तिला हसू फुटलं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या काठीवर काठी हाणली, चेंडू खाली पडला आणि त्यांनी तो पळवत नेऊन आमच्यावरच गोल केला.

परतीच्या गाडीत ठेंगणी म्हणाली, "तुह्या बापानं मासे धराचं जाळं देल्लं तुले. खेळाचं नाही." मला असा राग आला की तिची वेणी ओढावी. ती खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला. घरी बाबांनी विचारलं, "जाळी बराबर होती न?"

"एकदम बराबर," मी म्हटलं. "पंच गाढव होता."

पंच बिचारा भला माणूस होता.

पुढची मॅच दहावीत, तीच शेवटची संधी. ती गेली तर गणितानं मला घरी बसवलंच असतं. जाळी बदलायलाच हवी होती आणि बाबांना सांगायची माझी छाती होत नव्हती. शेवटी एका दुपारी ते अर्जुनीच्या बाजारात मासे घेऊन गेले असताना मी त्यांचीच लाकडी सुई काढली, त्यांची जाळी उसवली आणि उथळ विणायला बसले. उसवताना रडले. तीनदा विणली, तेव्हा कुठे जाळीसारखी दिसली. त्यानंतर काठी शाळेतच ठेवायची, घरी आणायचीच नाही.

उथळ जाळीत चेंडू फार वेळ राहत नाही. धावताना पडतो. द्यावाच लागतो, म्हणून मी द्यायला शिकले. मन मोठं झालं वगैरे काही नाही. ठेंगणीला पहिला पास दिला तेव्हा ती इतकी चकित झाली की चेंडू तिच्या कपाळावर लागला.

दहावीतल्या मॅचला बाबा स्वतः आले. "माह्यं जाळं पाहाचं हाय," म्हणाले. मी काठी पाठीमागे लपवली. पुन्हा बरोबरी, पुन्हा शेवटचं मिनिट, चेंडू माझ्याकडे. तिघी अंगावर आल्या. बाबा बघत होते आणि मला गोल मारायचा होता, देवाशप्पथ मारायचा होता. ठेंगणी मोकळी होती. दिला. तिनं सरळ गोलात घातला. मुलींनी तिला उचलून घेतलं. मी बाजूला उभी होते. फार आनंद झाला होता आणि थोडी जळतही होते.

गाडीत बाबांनी काठी मांडीवर घेतली. बोटं गाठींवरून फिरली आणि थांबली.

"ह्या गाठी माह्या नोहोत."

"नाही."

"कोणं मारल्या?"

"मीनं. तुमच्या जाळीतून चेंडू निघालाच नाही, बाबा. मागच्या साली त्याच्यानंच हारलो."

ते खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत राहिले. "मंग सालभर सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही जेवले नसते."

बाबांनी माझी एक गाठ अंगठ्यानं ओढून पाहिली.

"ढिली हाय," ते म्हणाले. मग काठी माझ्या हातात दिली. "उद्या बाकीच्या पोरींच्या काठ्या घरी आण. अन् माह्या बाजूले बस. मले सोडाचं जाळं इनता येत नाही."