थरथरीचं मूळ शोधणारे मधुकरभाऊ

मधुकरभाऊंची आणि माझी ओळख भांडणाने झाली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहायला त्यांची हरकत नसावी. भद्रावतीबाहेरच्या माळावर मी माझं रिमोटवरचं नवं हेलिकॉप्टर उचलणार, तोच एका अनोळखी गृहस्थांनी हात आडवा घातला. "शेपटाची कड साफ दिसून नाई राह्यली. थरथरते. उडवू नका." मी भडकलो. हेलिकॉप्टर माझं, हौस माझी, हे कोण टिकोजीराव? ते शांतपणे म्हणाले, "समोर लोकं बसले आहेत." मी मोटर बंद केली.

भाऊंचं गावात लेथवर लोखंडी भाग कातून द्यायचं दुकान. थरथर दिसली की आम्ही हौशी मंडळी पात्याच्या टोकाला चिकटपट्टी लावून वजन सारखं करत असू. ही मलमपट्टी भाऊंना मुळीच मंजूर नव्हती. आधी पाती काढून मोटर चालवायची, मग शेपटाचा पंखा फिरवणारा पट्टा सोडवायचा; जो भाग काढल्यावर थरथर थांबेल, दोष तिथे. माझ्या हेलिकॉप्टरचा मधला शाफ्ट त्यांनी काचेवर लोळवून दाखवला. केसभर वाकलेला होता. नवा कातताना किंचित फरक राहिला तेव्हा मी "चालून जाईल" म्हणालो, तर त्यांनी मला चहा पाजून घरी पाठवलं. पुढे घुग्घुसहून शिफ्ट संपवून मी पोहोचेपर्यंत ते दुकान उघडं ठेवत, आणि त्यांच्या पत्नी रत्नाबाई न विचारता भाकर वाढत.

गेल्या वर्षी भाऊंच्याच हातांना कंप सुटला. औषधाने कमी झाला, गेला नाही. थरथर असेल तर उडवायचं नाही, हा नियम त्यांचाच. तो स्वतःला लावून त्यांनी उडवणं सोडलं आणि आपला रिमोट माझ्या हाती दिला. मला वाईट वाटलं, रागही आला. रत्नाबाई मात्र फटकन बोलल्या, "लोकायच्या मशिनीची थरथर शोधता. आपली काऊन नाई शोधत?"

भाऊ दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. रिमोट अधांतरी धरला की पूर्ण पंजा हलतो, मनगट टेकलं की फक्त अंगठा, हे त्यांनी शोधून काढलं. गळ्यात अडकवायचा ट्रे बनवला, रिमोटच्या दांड्यांच्या स्प्रिंगा घट्ट केल्या, आणि अंगठ्याने ढकलायची दांडी चिमटीत धरायला नव्याने शिकले. संगणकावरच्या सरावात हेलिकॉप्टर सारखं आपटायचं. कुणी हळहळलं की म्हणत, "आपटू द्या. इथी पार्ट तुटत नाई."

परवाच्या रविवारी त्यांनी रिमोट मागून घेतला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि हेलिकॉप्टर उचललं. ते छातीच्या उंचीवर जागच्या जागी राहिलं. शेपटाची कड स्वच्छ दिसत होती. उतरवल्यावर मी त्यांचा हात धरला. तो कापतच होता.

"आहेच ते," भाऊ म्हणाले. "पण आता माझ्यापाशीच राह्यते. तिथवर जाऊ देत नाई मी."

भाऊ, उदंड जगा, निरोगी राहा, गोळ्या चुकवू नका. आणि तो रिमोट आता तुमच्यापाशीच ठेवा. पुन्हा आणून दिलात, तर मी घेणार नाही.